हजेरीपटावरची रंजना

१

सोमवारी पुण्याच्या कामगार न्यायालयात समोरच्या वकिलांनी एक जाड हजेरीपट टेबलावर ठेवला आणि आमची चार वर्षांची केस पाच मिनिटांत आडवी झाली.

केस रंजना आगिवलेची. कान्ह्याच्या वरच्या ठाकरवाडीतली रंजना कुसगावच्या एका रिसॉर्टमध्ये सहा वर्षं खोल्या आवरायची. एका पाहुण्याचं घड्याळ हरवलं आणि त्याच दिवशी तिला 'चोर' म्हणून गेटबाहेर काढलं. घड्याळ कधी मिळालं नाही, चौकशी नावाला झाली. हे काढणं बेकायदा होतं, हे कोर्टात जवळपास ठरल्यातच जमा होतं. प्रश्न एवढाच उरला होता, की भरपाई किती?

त्याचा हिशोब ऐकायला सोपा आहे. अन्यायानं काढलेल्या माणसाला घरी बसलेल्या काळाचा पगार मिळतो. पण त्या काळात तो दुसरीकडे कमवत असेल, तर तेवढा कापला जातो. रंजनानं शपथेवर सांगितलं होतं, "मला कुटंबी काम मिळालं न्हाई. लावणीला जायची, करवंदं इकायची, बस."

आणि आता हा हजेरीपट. आंबीतल्या पॅकिंगच्या एका कारखान्याचा. गेल्या वर्षीच्या जूनपासून सलग चौदा महिने रंजना आगिवले हजर. सोबत तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स, तिचाच पीएफ नंबर आणि तिच्याच बँक खात्यात दरमहा जमा झालेला पगार.

रिसॉर्टचा पर्सोनेलवाला संदीप मागच्या बाकावर पाय हलवत बसला होता. बाहेर पडताना मला म्हणाला, "मॅडम, चोर एकदाच चोरी करतो होय?"

व्हरांड्यात आमच्या आबांनी, म्हणजे अंबाजी शेटे वकिलांनी, रंजनाला बाकावर बसवलं. मी त्यांच्या हाताखाली पाच महिन्यांपूर्वी लागलेली ज्युनिअर.

"रंजना, हे काय गं?"

"माझंच नाव हाय आबा."

"नाव वाचता येतं मला. तू केलंस का काम तिथं?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "लिवलंय नव्हं त्यात."

"अगं, पगार जातो एवढंच नाही. शपथेवर खोटं बोललीस असं ठरलं, तर घड्याळाच्या बाबतीतही तुझ्यावर कोण विश्वास ठेवील? परत चोर ठरशील."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. आबांकडे नाही, माझ्याकडे. मग खाली मान घालून म्हणाली, "ठरू द्या."

पुढची तारीख तीन आठवड्यांनी होती. आबा गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "अनघा, शोध. तिच्या सोयीचं नको, खरं काय ते."

मला राग आला होता. खरं सांगायचं तर मला तेव्हाच वाटलं होतं, की ही बाई खोटारडी आहे. फार पटकन वाटलं. तसं पटकन वाटण्याची मला सवय आहे, हे तेव्हा कबूल करायची तयारी नव्हती.

२

माझी जाई सतरा महिन्यांची. दुपारी ती झोपते तेवढाच वेळ माझा, आणि ती झोपता झोपत नाही. सांभाळायला येणाऱ्या भामाबाई तिला मांडीवर हलवून दमल्या होत्या.

"ह्या पोरीला आधीच्या बाईनं लाडावलंय," त्या कुरकुरल्या. "पाठ थोपटली तर रडती, डोकं चोळलं तर रडती. सारखा पाय म्होरं करती. पायाला काय लावायचं असतंय हिच्या, देव जाणे."

कामशेतच्या आमच्या घरात आधीच्या बाईचा विषय निघाला, की मी उत्तर देत नसे.

शेवटी जाई थकून झोपली. मी जमिनीवर हजेरीपटाच्या झेरॉक्स पसरल्या. आधी संदीपवर संशय घेतला. हजेरीपट बनवून आणला असेल. पण पानांवर इतर तीस बायकांच्याही सह्या होत्या, शाई बदललेली, चहाचे डाग पडलेले. बँकेत जमा झालेला पगार तर खोटा करता येत नाही. संदीपला फोन केला तर तो हसला. "पीएफ नंबर टाकला की निघतं मॅडम. खोटं करायची गरजच पडली नाही."

मग मी केसचा रोजनामा काढला. कोर्टात प्रत्येक तारखेला कोण हजर होतं, याची ती नोंद. चौदा महिन्यांत आमच्या चार तारखा झाल्या होत्या. एक हजेरीपटातल्या सुट्टीच्या दिवशी आली होती. उरलेल्या तीन मी पेन्सिलीनं जुळवल्या.

सप्टेंबरची तारीख. रोजनाम्यात 'अर्जदार हजर'. हजेरीपटातही हजर, सकाळी आठ ते साडेचार.

जानेवारी. तसंच.

एप्रिल. त्या दिवशी तर रंजनाची साक्ष झाली होती. साडेअकरा ते दोन ती पिंजऱ्यात उभी होती आणि साक्षीच्या प्रत्येक पानावर तिची सही होती. आणि त्याच दिवशी आंबीत हजेरीपटावरही 'रंजना आगिवले' अशी सही.

एक बाई दोन ठिकाणी असू शकत नाही. पुण्यात रंजना होती, हे न्यायाधीशांनी स्वतः पाहिलेलं.

मग आंबीत चौदा महिने रंजनाच्या नावानं सही कोण करत होतं? आणि ते रंजनाला माहीत असूनही ती स्वतःला चोर ठरवून घ्यायला का तयार होती?

३

आंबीच्या कारखान्याला बाया पुरवणारा ठेकेदार पप्पू गेटसमोरच्या टपरीत बसतो. तेच त्याचं ऑफिस.

"मॅडम, मी माणसं पुरवतो. तोंडं बघत नाय बसत," तो चहा ढवळत म्हणाला. "कार्ड बघायचं, वय बघायचं. पस्तिशीच्या वरची बाई कंपनी घेत नाय. पीएफ नंबर आधीचा असला तर लय बेस, कटकट नाय."

"आणि कार्ड एकीचं, बाई दुसरी असली तर?"

चमचा थांबला. "आधारवरचा फोटो कधी कुणाचा वाटलाय का मॅडम? माझ्या कार्डावर मीच दरोडेखोर दिसतो."

"पप्पूशेठ, मी पोलिसांकडून आले नाही."

तो जरा सैल झाला. "कसं हाय, ह्या डोंगरातल्या माणसांची गंमतच हाय. समद्यांचा जन्म एक जानेवारी! आधारच्या कॅम्पात पोरगा बसलेला असतो. इचारतो, जन्म कवाचा? म्हातारी म्हणती, लय पाऊस झालता तवाचा. तो तोंड बघून साल टाकतो. वाडीत एक आई लेकीपरीस बारकी हाय कागदावर. तीस वर्साच्या बाईला पंचेचाळिशीची करून ठेवलीय. आता तिनं काय करायचं? खायचं न्हाई?"

"म्हणजे ती बाई तिशीची आहे, पण कार्डावर पंचेचाळीस?"

"मी कुणाचं नाव घेतलं का?" पप्पूनं कप ठेवला. "मी जन्मसालाचं सांगतोय."

एवढं पुरेसं होतं. रंजनाचं कार्ड कुणीतरी वापरत होतं आणि ते चोरलेलं नव्हतं, दिलेलं होतं. पण कुणाला? घरकाम, शेतकाम, हॉटेल; तिशीच्या धडधाकट बाईला कारखान्याशिवाय काहीच मिळू नये, असं काय झालं होतं?

जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझर उज्ज्वला डबा घेऊन बाहेर आली. मी रंजनाची ओळखीची आहे, असं सांगितलं. ते खोटं नव्हतं.

"रंजनाताई? लय गुणी बाई," ती भाकरी मोडत म्हणाली. "आज तिची दुसरी शिफ्ट, नायतर भेटली असती. पॅकिंगला हाय, पण आमी तिला निम्मा टाइम पाळणाघरातच बोलावतो."

"का?"

"कसलंबी रडकं पोर असू दे, दोन मिन्टात झोपवती. पाठ न्हाई, डोकं न्हाई. डाव्या तळव्यावर हळू तीन थापा मारायच्या, थांबायचं, परत तीन. आमी समद्यांनी करून बघितलं, आमाला न्हाई जमत."

"डाव्या तळव्यावर?" मी दोनदा विचारलं. उज्ज्वला विचारत होती, काय झालं ताई, ऊन लागलं का?

ती बाई मला माहीत होती. मला फक्त तिचं आडनाव माहीत नव्हतं. ती चार महिने माझ्या घरात होती आणि मी ते कधी विचारलं नव्हतं.

४

तिचं नाव सविता.

जाईच्या जन्माआधीच्या महिन्यापासून ती आमच्याकडे होती. माझे टाके ओले होते, दूध येत नव्हतं, मी न्हाणीघरात जाऊन रडायचे. सविता बाळाला माझ्या हातातून घ्यायची आणि म्हणायची, "रडा वैनी, मी हाय हितं." दुसरं काही नाही. तेवढ्यावर मी उभी राहिले.

जाई तीन महिन्यांची झाली आणि तिच्या पायातला चांदीचा एक वाळा दिसेना. बारशाला माझ्या आईनं घातलेला. घर शोधलं. अर्धंच शोधलं. मग शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाईला विचारलंस का?" मी विचारलं नाही. मी सविताला दारात उभं करून पिशवी झाडायला लावली. काकू बघत होत्या. पिशवीतून एक फणी पडली, आणि तिच्या पोरांसाठी मीच दिलेली दोन बिस्किटं.

"पोरीचे मोजे बघा वैनी," ती म्हणाली.

"पुरे झालं," मी म्हणाले.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, फोटोसकट: 'हिच्यापासून सावध राहा.' सत्तेचाळीस जणींनी अंगठा दाखवला. गेल्या वर्षीचा जूनचा पहिला आठवडा होता तो. हजेरीपट त्याच्यानंतर पाच दिवसांनी सुरू होतो. माझ्या डोळ्यांसमोर ती तारीख दिवसभर पडली होती आणि मला ती दिसली नव्हती.

वाळा दिवाळीच्या साफसफाईत सापडला. पायाला लहान झालेल्या लोकरीच्या मोज्यात. मी मुठीत धरून कितीतरी वेळ बसले. मग कपाटात, साड्यांच्या खाली ठेवून दिला. नवऱ्यालाही सांगितलं नाही. आता इतक्या दिवसांनी कशाला, असं स्वतःला सांगितलं. तिला दुसरीकडे काम मिळालंच असेल, असंही सांगितलं.

आणि मग मी पुन्हा काळा कोट घातला आणि लोकांना अन्यायानं काढल्याची भरपाई मोजायला लागले.

५

ठाकरवाडीत रंजना दारात तांदूळ निवडत होती. मला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं, आणि मी बोलायच्या आधीच तिला कळलं.

"सविता तुझी कोण?"

"बारकी बहीण."

"तुला माहीत होतं? मी कोण ते?"

"पयल्या दिशीच वळखलं. आबांच्या हापिसात तुमी आलात, मी मनात म्हनलं, ही जाईची आई." ती थोडं हसली. ते हसणं सोसणं कठीण होतं. "सविताकडं फोटू हाय पोरीचा."

"मग बोलली का नाहीस? आबांना सांगायचंस. माझ्याकडून केस काढून घ्यायचीस."

"काय सांगायचं? तुमच्याकडनं चोर म्हनून काढली, कामशेतात कोन दारात उभी करंना, कारखान्यात जावं तर कार्डावर म्हातारी. मीच म्हनलं, माझं कार्ड घे. माझं नाव तसंबी वाया गेल्यालं, तुला तर कामाला येऊ दे. पगार माझ्या खात्यात येतो, मी तिच्या हातावर ठेवती." तिनं सुपातला एक खडा उचलून फेकला. "आता कोर्टात तिचं नाव घेतलं की तिचं काम गेलं. दोन पोरं हायत मॅडम. एका घरात एक चोर पुरं."

मी खाली बसले. जमीन शेणानं नुकतीच सारवलेली होती. साडी खराब होईल, असं तिनं म्हटलं. खरंच म्हटलं तिनं तसं.

६

"तीन तारखांवरून रंजना तिथं नव्हती, हे सिद्ध होतं," आबा म्हणाले. वडगावच्या ऑफिसात पंखा कुरकुरत होता. मी सगळं सांगून टाकलं होतं, मोज्यापर्यंत. ते रागावतील असं वाटलं होतं. ते चष्मा पुसत राहिले. "पण ते विचारणार, मग कोण होतं? उत्तर नसेल तर दोघी मिळून कंपनीला फसवलं, असं म्हणतील. सविता स्वतःहून आली पाहिजे. आणि तिला खोटं नाव का घ्यावं लागलं, हे सांगणारं कुणीतरी पाहिजे."

"मी सांगेन."

"साक्षीदार झालीस तर वकीलपत्र सोडावं लागेल. पिंजऱ्यात उभी राहशील. उलटतपासणी होईल."

"हो."

"अनघा, रंजनाच्या भरपाईचा तक्ता तूच केलास ना? सविताचा केलास?"

मी केला होता. म्हणजे कागद घेतला होता. वर तारीख घातली, कामावरून काढल्याचं कारण लिहिलं आणि पुढं गाडी अडली. घरकामाच्या बाईला नेमणुकीचं पत्र नाही, चौकशी नाही, नोटीस नाही. आमच्या तक्त्यात तिच्यासाठी रकानाच नव्हता. दारात झाडलेल्या पिशवीचा तर कुठल्याच कायद्यात नाही.

"मग तिलाच विचार," आबा म्हणाले, "किती होतात ते."

७

पुढे कोर्टात काय झालं ते आधी सांगते, कारण ते त्यामानानं सोपं होतं. सवितानं साक्ष दिली. मीही दिली. समोरच्या वकिलांनी विचारलं, "वस्तू सापडल्यावर आपण काय केलंत?" मी म्हणाले, "काही नाही." संदीपचा पाय तेव्हा हलत नव्हता. न्यायाधीशांनी चौदा महिन्यांचा एक दिवसही कापला नाही. रंजनाला पूर्ण मागचा पगार मंजूर झाला आणि घड्याळाचा आरोप खोडला गेला. आंबीच्या कंपनीनं सविताला दोन महिने घरी बसवलं. जन्मसाल दुरुस्त करून घेतल्यावर तिला तिच्या नावानं परत घेतलं. उज्ज्वलानं पाळणाघराचं कारण काढून साहेबांचा पिच्छाच पुरवला होता, असं कळलं.

अवघड होता तो त्याच्या आधीचा शनिवार.

कान्हे फाट्यावर कारखान्याचा टेम्पो बाया घ्यायला थांबतो, सकाळी सातला. मी जाईला कडेवर घेऊन गेले. तिला न्यायचं नव्हतं. भामाबाई आल्या नव्हत्या. सविता दाराजवळच्या बाकावर डबा मांडीत घेऊन बसली होती. वाळली होती. मला पाहून तिनं नजर फिरवली, मग जाईकडे पाहिलं आणि तिथंच अडकली.

मी वाळा पुढे केला. "सविता, हा मोज्यात होता. तू सांगितलं होतंस."

टेम्पोत बारा-पंधरा बाया. सगळ्या बघत होत्या.

"कवा घावला?"

"दिवाळीत."

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. महिने असावेत.

"रंजीनं सांगितलं मला. कोर्टाचं," ती म्हणाली. "यीन मी. तिच्यासाठी यीन, तुमच्यासाठी न्हाई."

"मला तुझी भरपाई करायची आहे. तू सांगशील ती."

"पैसं?" पुढच्या बाकावरची एक बाई खुदकन हसली. सविता हसली नाही. "तुमी त्या फोनातल्या ग्रुपवर टाकलं व्हतं नव्हं? माझा फोटू लावून?"

"हो."

"तितंच टाका. खरं काय ते. माझ्याम्होरं."

मी जाईला खाली उभं केलं आणि टाइप केलं. मजकूर असा: सविता आगिवलेनं वाळा घेतला नव्हता. तो माझ्या घरात, माझ्या मुलीच्या मोज्यात होता. तिनं मला तिथं बघायला सांगितलं होतं, मी बघितलं नाही. सापडल्यावर नऊ महिने गप्प बसले. ती चोर नाही. चूक माझी. अनघा. पाठवलं.

"आगिवले न्हाई," ती म्हणाली. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "ते रंजीचं. माझं वारे. सविता कैलास वारे."

पुन्हा चुकले होते. आताही विचारलं नव्हतं. मी मजकूर पुसला, आडनाव दुरुस्त करून पुन्हा पाठवला.

"आता वाचा," सविता म्हणाली. "माझी पिशवी झाडली तवा मानसं बघत व्हती. मोठ्यानं वाचा."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. फाट्यावरच्या वडापाववाल्यानं झारा कढईत तसाच धरला. मी वाचलं. जाई माझा पदर ओढून रडायला लागली, कारण मी रडत होते. सवितानं वाकून तिला उचललं, मांडीवर आडवं घेतलं, आणि तिचा हात आपोआप डाव्या तळव्याकडे गेला. तीन थापा. थांबली. तीन.

जाई शांत झाली. मी मोबाइल खाली घेतला.

"मागच्यांना ऐकू न्हाई गेलं," सविता माझ्याकडे न बघता म्हणाली. "परत वाचा."

मी पहिल्यापासून वाचायला लागले.